बॅली 'एट बॉल', १९७७: बोर्डावरचा दिवा सहा वेळा लुकलुकतो आणि थांबतो

मुळशीकर

नमस्कार मंडळी,

मी शिकागोजवळ नेपरविलला राहतो. इकडे लोक घर सोडताना बेसमेंटमधलं सामान दारातच विकायला मांडतात. तशाच एका विक्रीत बॅली कंपनीचं 'एट बॉल' हे पिनबॉल मशीन मिळालं. मॉडेल १९७७चं, शिकागोतच बेलमाँट अव्हेन्यूवरच्या कारखान्यात तयार झालेलं. रचना जॉर्ज ख्रिश्चन यांची, चित्रं पॉल फॅरिस यांची. याची २०,२३० मशीनं निघाली होती. उत्पादनाचा हा विक्रम पुढे १९९२च्या 'द ॲडम्स फॅमिली' या मशीनने मोडला, तोही फक्त ४० नगांनी. दुर्मीळ नसलं तरी मानाचं मशीन आहे. कोणत्या खेळाडूने कोणते आकडे घेतले हे ते प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवतं. रिले आणि स्टेपर या यांत्रिक स्विचांवर चालणाऱ्या आधीच्या मशीनांना हे फार जड जायचं. म्हणूनच यातलं मूळ इलेक्ट्रॉनिक्स जिवंत करायची माझी मनापासून इच्छा आहे.

आता दुखणं सांगतो. स्विच टाकला की प्लेफील्डवरचे, म्हणजे चेंडू फिरतो त्या फळीवरचे, सततचे दिवे लागतात. मागच्या पेटीतल्या एमपीयू (प्रोसेसरच्या) बोर्डावरचा छोटा लाल दिवा आधी निमिषभर चमकतो, मग थांबून थांबून सहा वेळा लुकलुकतो. पुढे काही नाही. डिस्प्ले काळे, क्रेडिट पडत नाही, गेम सुरू होत नाही. बोर्ड एएस-२५१८-१७, मूळचाच. बॅटरी आधीच्या मालकाने काढलेली आहे, पण तिच्या जागेभोवती हिरवट डाग दिसतात.

एमपीयूवरच्या मोजणीच्या जागांवर (टीपी) मोजलेले व्होल्ट: टीपी१ वर ५.१, टीपी२ वर ११.८, टीपी३ वर शून्य.

इथल्या एका ओळखीच्या माणसाचं म्हणणं, "यू१० आणि यू११ हे दोन्ही पीआयए बदल, नाहीतर सरळ नवा बोर्ड आण." (पीआयए म्हणजे प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या चिपा; यू१०, यू११ हे बोर्डावरचे त्यांचे नंबर.) नवा बोर्ड मिळतो, चांगलाही असतो. पण मूळ बोर्ड इतका पुढे येत असेल तर त्याला काढून फेकायला मन धजत नाही. कुठून सुरुवात करू?

कॅरमपटू

अभिनंदन! घरात पिनबॉल म्हणजे रोजचा आनंद.

आधी वीज काढून सॉकेटमधल्या सगळ्या चिपा हलक्या हाताने उचलून परत बसवून बघा. इतक्या जुन्या सॉकेटांचे पाय काळे पडलेले असतात. माझ्या मशीनचा बोर्ड असा रुसला होता, सॉकेट बदलल्यावर चालला. हिरवा डाग मात्र तसाच ठेवू नका, तो पसरत जातो.

सोल्डरवाली

मुळशीकर दादा, चिपांना तूर्त हात लावू नका. कॅरमपटू म्हणतात ते एरवी बरोबर आहे, पण तुमचा बोर्ड कुठे अडलाय ते तो स्वतःच सांगतोय.

मी मिलवॉकीला असते आणि त्या काळातली बॅलीची मशीनं मनापासून आवडतात म्हणून दुरुस्त करते. लुकलुकण्याचा अर्थ असा: पहिली लुकलुक म्हणजे रॉम, गेमचा प्रोग्राम असलेल्या चिपा, ठीक. दुसरी म्हणजे यू७, ती ६८१० रॅम, तात्पुरत्या स्मृतीची चिप. तिसरी यू८, म्हणजे बॅटरीवर स्मृती राखणारी ५१०१. चौथी यू१०, पाचवी यू११. म्हणजे ज्या दोन पीआयए चिपा बदलायला सांगितल्या, त्या चौथ्या-पाचव्या लुकलुकीला पास झालेल्या आहेत. सहावी म्हणजे डिस्प्लेला ठेका देणारा ५५५ टायमर, तोही चालतोय. अडलंय ते सातव्यावर. सातवी परीक्षा बोर्डावरच्या कुठल्या चिपेची नसून बाहेरून येणाऱ्या विजेची आहे.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण या मशीनमधला मला सगळ्यात देखणा वाटणारा भाग हाच. प्लेफील्डवरचे जे दिवे गेमप्रमाणे लागतात-विझतात, ते एससीआर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने चालतात. एससीआर एकदा चालू झाला की त्यातून वाहणारा करंट शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही. म्हणून त्या दिव्यांना मुद्दाम कपॅसिटर नसलेला, खालीवर होणारा डीसी दिलाय. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर तो सेकंदाला १२० वेळा शून्याला टेकतो आणि तेवढ्या वेळा सगळे एससीआर आपोआप सुटतात. कोणते दिवे पुन्हा लावायचे हे प्रोसेसर प्रत्येक वेळी नव्याने सांगतो. त्यासाठी शून्याचा क्षण त्याला कळायला हवा. तो कळतो सोलेनॉइडच्या, म्हणजे लोखंडी दांडा (प्लंजर) ओढणाऱ्या कॉइलांच्या, ४३ व्होल्टच्या लाइनवरून. ती लाइनच नसेल तर प्रोसेसर पुढे जायला नकार देतो, आणि तुमचा दिवा सहावर थांबतो.

तुमच्या टीपी३ वर शून्य आहे. तिथे २१.५ च्या आसपास हवेत, आणि ते त्याच ४३ व्होल्टमधून येतात. चिपा बदलल्या असत्या तर पैसे गेले असते आणि दिवा सहावरच राहिला असता.

आता क्रमाने करा.

आधी प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. थोडं थांबा, कारण डिस्प्लेच्या लाइनवर २३० व्होल्ट डीसी असतो आणि तिथला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो.

प्लेफील्ड वर उचला. खालच्या बाजूला एक एकटा फ्यूज असेल, १ अँपिअरचा स्लो-ब्लो. फ्लिपर (चेंडू उडवणारे हात) सोडून बाकी सगळ्या कॉइल त्याच्यावर असतात. तो आधी काढून बाजूला ठेवा आणि कसा दिसतो ते मला सांगा.

मग रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) बोर्डावरचा सोलेनॉइडचा फ्यूज क्लिपमधून बाहेर काढून मीटरने तपासा. नजरेवर विश्वास नको, आतली तार शाबूत दिसूनही टोकाशी सुटलेली असते. उडालेला असेल तर नवा घालण्याआधी मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून ४३ व्होल्टचा ब्रिज (चार डायोडांचा संच) तपासा. एखाद्या जोडीत दोन्हीकडून शून्य दाखवलं तर ब्रिज गेलाय.

ब्रिज चांगला असेल तर बोर्डाजवळ छापलेल्या आकड्याचाच नवा फ्यूज घाला. प्लेफील्डखालचा बाहेरच राहू दे. मशीन चालू करा, रेक्टिफायर बोर्डाच्या टीपी५ वर मोजा, आणि लुकलुकी मोजा.

कोथरूडकर

छान चर्चा. एक प्रश्न मध्येच विचारतो. पुतण्या न्यू जर्सीहून परत येतोय आणि त्याच्याकडेही याच काळातलं एक बॅली आहे. पुण्यात आणलं तर आपल्या २३० व्होल्टवर चालेल का? की फक्त शोभेला ठेवायचं?

सोल्डरवाली

काका, शोभेला अजिबात नको. मशीनच्या सर्किटच्या नकाशात ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची (भिंतीतली वीज घेणाऱ्या वेटोळ्याची) जोडणी दाखवलेली असते. २३० व्होल्टची जोडणी दिलेली असेल तर तारा त्याप्रमाणे बदलून घ्या. नसेल किंवा शंका असेल तर चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा आणि अर्थिंग पक्कं करा, कारण कॅबिनेटचं दार, पाय, कडेच्या पट्ट्या सगळं धातूचं आहे आणि खेळणाऱ्याचे हात त्यावरच असतात. ५० हर्ट्झने फरक पडत नाही, शून्य १२० ऐवजी १०० वेळा येतं इतकंच. पावसाळ्यात मशीन बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. ओल प्लेफील्डच्या लाकडाला आणि कनेक्टरना दोघांनाही मारते.

मुळशीकर

ताई, तुम्ही सांगितलं तसंच झालं.

प्लेफील्डखालचा फ्यूज काढला, तर त्याला चांदी गुंडाळलेली! आत उडालेला फ्यूज आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल. आपल्याकडे जुन्या घरांत मीटरच्या बोर्डावर बघितलेला प्रकार.

रेक्टिफायर बोर्डावरचा सोलेनॉइडचा ५ अँपिअरचा फ्यूजही उडालेला. ब्रिज चांगला निघाला. नवा ५ अँपिअर घातला, चांदीवाला बाहेर ठेवला आणि मशीन चालू केलं. टीपी५ वर ४३च्या थोडं वर. आणि सातवी लुकलुक आली! डिस्प्लेमध्ये केशरी आकडे उमटले तेव्हा घरातले सगळे बेसमेंटमध्ये धावत आले. पाचपैकी चार डिस्प्ले स्वच्छ आहेत, तिसऱ्या खेळाडूच्या डिस्प्लेत एक आकडा अर्धवट दिसतो.

आता १ अँपिअरचा नवा फ्यूज आणून ठेवलाय. घालू का?

सोल्डरवाली

अजून नको! चांदी कुणीतरी उगाच गुंडाळलेली नाही. १ अँपिअरचा फ्यूज परत परत उडत होता म्हणून गुंडाळली, आणि ज्या कारणाने तो उडत होता ते कारण आत अजून बसलेलं आहे.

मशीन बंद, प्लग बाहेर. प्लेफील्डखालच्या प्रत्येक कॉइलचे ओहम मोजा. तिच्या टॅगवर जो डायोड असतो तो बघा, एखादा पाय तुटलाय का. मग सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावरचे मोठे ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड खुणेवर एकेक करून तपासा आणि शेजाऱ्याशी ताडून बघा. बहुतेक सगळे सारखे आकडे देतील. जो वेगळा, विशेषतः जो दोन्हीकडून शून्याजवळ दाखवेल, तो लिहून ठेवा.

मुळशीकर

मोजलं. डाव्या स्लिंगशॉटची (फ्लिपरच्या वरचा, चेंडू झटकणारा रबरी त्रिकोण) कॉइल ११ ओहमच्या आसपास. उजव्या स्लिंगशॉटची जेमतेम २, आणि तिचा कागद तपकिरी होऊन सुटलाय. तिच्या डायोडचा एक पाय मुळापासून तुटलेला. ड्रायव्हर बोर्डावर एक ट्रान्झिस्टर पूर्ण शॉर्ट आहे. नकाशावर बोट ठेवून बघितलं तर तो याच कॉइलचा.

सोल्डरवाली

सगळी साखळी सापडली तुम्हाला. शेवटाकडून नाही, सुरुवातीपासून वाचा.

धक्क्यांनी डायोडचा पाय तुटला. डायोडचं काम एकच: कॉइल सोडताना तिच्यातून जो उलटा झटका येतो तो गिळणं. डायोड नाही, म्हणून प्रत्येक झटका ट्रान्झिस्टरने खाल्ला, आणि एक दिवस तो शॉर्ट झाला. शॉर्ट ट्रान्झिस्टर म्हणजे मशीन चालू केल्या क्षणापासून कॉइल ओढलेली. ११ ओहमच्या कॉइलला ४३ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ४ अँपिअर. १ अँपिअरचा फ्यूज लगेच उडाला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. त्याला चांदी गुंडाळल्यावर अडवायला उरला फक्त ५ अँपिअरचा, आणि त्याला ४ अँपिअरचं काही वाटत नाही. कॉइल तापत राहिली, तारेवरचं वार्निश जळलं, वेढे एकमेकांना चिकटले, ११चे २ ओहम झाले. मग करंट २० अँपिअरच्या पुढे, तेव्हा ५चा उडाला. तो उडाला म्हणून ४३ व्होल्ट गेले, म्हणून सातवी लुकलुक गेली. आणि कुणीतरी त्यावर निदान केलं की पीआयए बदला.

आता तिन्ही गोष्टी एकत्र बदला: कॉइल, डायोड, ट्रान्झिस्टर. एक जरी जुनी ठेवली तरी ती बाकी दोघांना घेऊन जाईल. ट्रान्झिस्टर मूळचा एसई९३०२ असेल, त्याजागी टीआयपी१०२ घाला, चांगला टिकतो. डायोड १एन४००४ किंवा ४००७. डायोडवरच्या पट्टीची बाजू ४३ व्होल्ट ज्या टॅगवर येतात तिकडे. उलटा लावलात तर नवा ट्रान्झिस्टर पहिल्या झटक्यात जाईल. कॉइलच्या आतली नायलॉनची नळी नवी घाला, आणि प्लंजरला तेल, ग्रीस काही म्हणजे काही लावू नका. तेलात काळा कीट बसतो आणि प्लंजर अडकतो.

ड्रायव्हर बोर्ड बाहेर काढलाच आहे तर तिथला मोठा कपॅसिटर सी२३ नवा घाला. मूळचा ११,७०० मायक्रोफॅरडचा आहे. ५ व्होल्टची वीज तो गुळगुळीत करतो, आणि इतक्या वर्षांनी तो थकलेला असणारच. कनेक्टरच्या पिनांचे पाय भिंगाखाली बघा. सोल्डरला केसासारख्या गोल भेगा असतात, सगळ्या पिना नव्याने सोल्डर करा. या पिढीच्या बोर्डांची निम्मी 'भुतं' त्या भेगांत असतात.

त्याच बोर्डावर डिस्प्लेच्या व्होल्टेजचा छोटा स्क्रू आहे. १९० व्होल्टवर ठेवलेला असतो. मी तो १७० पर्यंत खाली आणते. आकडे तितकेच छान दिसतात आणि काचेचं आयुष्य वाढतं. हे डिस्प्ले निऑनसारख्या वायूचे आहेत, गेले की सोपे मिळत नाहीत. स्क्रू फिरवताना एक हात खिशात ठेवा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

बॅटरीच्या डागाचं: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. जिथे तांबं काळं पडलंय तिथे खरवडून चकचकीत करून सोल्डर चढवा. बोर्डावर परत बॅटरी लावू नका. सेल हवेच असतील तर लांब वायरवर, पेटीच्या तळाला, आणि मध्ये एक डायोड नक्की घाला, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि साधे सेल चार्ज केले तर ते फुटून गळतात.

रंगरेषा

इलेक्ट्रॉनिक्सचं इतकं चांगलं चाललंय म्हणून मी फक्त मागच्या काचेबद्दल लिहिते, कारण तिथे उशीर झाला की परत येत नाही.

बॅकग्लासवरचं चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. आतल्या बल्बच्या उष्णतेने ते पापुद्र्यासारखं सुटतं. मागची बाजू कोरड्या कापडानेसुद्धा पुसू नका. पुढची बाजू खुशाल पुसा, पण कापडावर पाणी घेऊन, काचेवर फवारा मारून नको. थेंब कडेने मागे उतरतो आणि रंग उचलतो. पेटीत ४४ नंबरचे बल्ब असतील तर ४७ घाला. दोन्ही ६.३ व्होल्टचेच, पण ४४ पाव अँपिअर खातो आणि ४७ फक्त ०.१५. उष्णता तेवढी कमी.

सुटलेल्या रंगाला रंग लावायची घाई करू नका. फॅरिस यांची रेष फार नाजूक आहे, आपल्या हाताने भरलेला तुकडा लांबूनही कळतो. माझं मत: जे उरलंय ते टिकवा, भोकं भोकं म्हणूनच राहू द्या. प्लेफील्डवरही तेच. नॅप्थाने मळ काढा, कार्नोबा मेण लावा, झिजलेलं लाकूड दिसलं तर दिसू द्या. आणि चेंडू नवा घ्या! तो १ १/१६ इंचाचा म्हणजे २७ मिलिमीटरचा असतो. जुन्या चेंडूवरचे खड्डे सॅंडपेपरसारखे रंग खातात.

कॅरमपटू

काचेबद्दल सहमत, प्लेफील्डबद्दल नाही. खेळायचं मशीन आहे. लाकूड उघडं पडलंय तिथे चेंडू दर गेमला अजून खणतो. तिथे रंग भरून वरून क्लिअर कोट दिला नाही तर उरलेलंही जाईल. जतन करायचं म्हणूनच झाकायला हवं.

रंगरेषा

उघड्या लाकडावर संरक्षण हवं हे मान्य. पण पूर्ण प्लेफील्ड नव्यासारखं करण्याआधी पातळ पारदर्शक फिल्मचा तुकडा तेवढ्याच जागी लावून बघा, असं म्हणेन. रंग सैल नसेल तिथेच मात्र. सैल रंगावर लावली तर काढताना रंग घेऊन येते.

मुळशीकर

तिन्ही भाग बदलले, सी२३ बदलला, पिना सगळ्या सोल्डर केल्या, डिस्प्ले १७० वर आणला. १ अँपिअरचा फ्यूज घातला आणि तो टिकला. पहिला पूरा गेम खेळलो. यात स्पीकर नाही, खऱ्या धातूच्या पट्ट्यांवर प्लंजर आपटून चाइम वाजतात. तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. उजवा फ्लिपर मलूल आहे, चेंडू वरपर्यंत पोचत नाही. आणि मशीन अधूनमधून कुणी हात न लावता गुण देतं, कधी कधी तर चेंडू एका जागी थांबलेला असताना.

सोल्डरवाली

पट्ट्यांचा आवाज वाचून फार बरं वाटलं.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं जोर लावतं, बारीक तारेचं फक्त धरून ठेवतं. फ्लिपर वर पोचेपर्यंत एक स्विच बारीक वेटोळ्याला बगल देतो, आणि शेवटच्या क्षणी उघडून त्याला वाटेत आणतो. तो स्विच काजळलेला असेल तर पहिल्यापासूनच बारीक वेटोळं वाटेत येतं आणि फ्लिपर मलूल होतो. तो टंगस्टनचा असतो, त्याला बारीक कानस चालते. स्वच्छ करा, आणि फ्लिपर पूर्ण वर असताना तो साधारण ३ मिलिमीटर उघडेल असा पत्रा वाकवा. कधीच उघडला नाही तर कॉइल जळेल, म्हणून हे हाताने फ्लिपर उचलून डोळ्यांनी बघा.

प्लेफील्डवरच्या बाकी स्विचना मात्र कानस चुकूनही नको. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा आहे, एकदा घासला की संपला. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून, पाती हलकेच दाबून ओढायची, बस.

आपोआप गुणांचं: नाण्याच्या दाराच्या आतलं टेस्टचं बटण दाबत जा. आधी दिवे, मग डिस्प्ले, मग कॉइल आणि शेवटी स्विच. स्विचच्या पायरीला एखादा आकडा दिसला तर तो स्विच बंद अडकलाय. शून्य आलं तर प्लेफील्डवर मुठीने हलके धक्के देत बघत राहा. तरी सापडलं नाही, तर बंपर आणि टार्गेटच्या स्विचवर छोट्या चकतीसारखे ०.०५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सोल्डर केलेले असतील, त्यांच्यावर संशय घ्या. ते जुने झाले की आतून गळतात आणि मशीनला वाटतं स्विच दाबला गेला. ज्या टार्गेटचे गुण पडतात त्याच्या कपॅसिटरचा एक पाय कापा आणि खेळून बघा. गुण थांबले तर तोच. नवा त्याच किमतीचा लावा, तसाच काढून ठेवू नका, नाहीतर जोरात लागलेला चेंडू कधी मोजला जाईल, कधी नाही.

तिसऱ्या डिस्प्लेतला अर्धवट आकडा शेवटी बघू. आधी तो डिस्प्ले चौथ्याच्या जागी लावा. आकडा डिस्प्लेबरोबर सरकला तर दोष त्यात, तिथेच राहिला तर वायरीत किंवा कनेक्टरमध्ये. अदलाबदल प्लग काढूनच करा.